टेकडीची वाळू ओली, मग बांय खारी का?

प्रश्न विचारणारा मुलगा गोव्यातल्या मांद्र्याचा, सध्या जैसलमेरकडे सोलर प्लांटवर कामाला आहे. त्याचं म्हणणं असं की तिथं भर मे महिन्यात धोऱ्यात, म्हणजे वाळूच्या टेकडीत, हात खुपसला तर कोपर बुडायच्या आत वाळू गार आणि ओली लागते, आणि पाऊस तर वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा नाही. उलट घरी, समुद्राकडच्या वाळूच्या टेकडीमागच्या भाटात (माडांच्या बागेत), तीन हजार मिमी पाऊस पडूनही बांय, म्हणजे विहीर, एप्रिलात मचूळ होते. मग वाळवंटातली वाळू पाणी जास्त धरते का, तिथं खाली मुरतं किती, आणि बाबांनी बांय अजून दोन मीटर खाली न्यावी का, कारण कॉन्ट्रॅक्टर मागे लागलाय.

शेवटच्याचं उत्तर आधी. नको. एक फूटही खाली नेऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला चहा पाजा आणि निरोप द्या. का ते सांगायला मात्र मला जैसलमेरला जाऊन परत मांद्र्याला यावं लागेल, तेव्हा जरा लांबण लागणार. मीही तुमच्या पेडण्याकडचाच, भूजलाच्या कामात तीसेक वर्षं गेली, त्यातली चार जोधपूर-बाडमेरकडे, त्यामुळं तुला अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

तू जी ओल बघितलीस ती खरी आहे. पण ओल दिसली म्हणजे खाली पाणी जातंय असं धरू नकोस, इथं भलेभले फसतात. ती ओल तिथं आहे कारण ती कुठंच जात नाहीये. धोऱ्याची वाळू बारीक पण एकसारखी, दाणा साधारण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. पाऊस पडला की झटकन आत शिरतो, वाहून जात नाही. मग ऊन लागतं, वरचा वीतभर थर खडखडीत सुकतो आणि तो सुकला की दाण्यादाण्यामधली पाण्याची साखळी तुटते. चिकणमातीत खालचं पाणी केशाकर्षणानं मीटर-दीड मीटर सहज वर चढतं, ह्या वाळूत फूट-दीड फूट चढलं तरी खूप. म्हणजे खालच्या ओलीला वर यायला वाट उरत नाही, फक्त वाफ होऊन त्या सुक्या थरातून हळूहळू निसटायचं, आणि ते काम फार सावकाश चालतं. देशावरचे शेतकरी कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवतात ते ह्याचसाठी, धोऱ्यावर निसर्ग ती फुकट करून देतो. म्हणून तर तिथले लोक नुसत्या वाळूत बाजरी, मोठ (मटकी) आणि मतीरा (तिथलं कलिंगड) पिकवतात. आपल्याकडं पाऊस संपल्यावर किनाऱ्यालगतच्या रेवट जमिनीत अळसांदे (चवळी), मिरची करतात त्याचा बराचसा जीव ह्याच ओलीत. मोरजीच्या किनाऱ्याला कासवीण अंडी घालायला येते तीसुद्धा सुकी वाळू उकरून ओलीपर्यंतच जाते, दीडेक फूट, कारण सुक्या वाळूत खड्ड्याच्या भिंती उभ्याच राहत नाहीत.

किती ओल असते बघ. वाळू पूर्ण भिजली तर शंभरातले ३५-४० भाग पाणी मावतं, पण दोन-तीन दिवसांत त्यातलं बहुतेक खाली निथळून ६ ते ८ टक्के राहतं. झाडाला शेवटी शेवटी ओढता येत नाही असं दोनेक टक्के. म्हणजे धरून ठेवायची कुवत मधली पाचेक टक्क्यांची, मीटरभर वाळूत ५० मिमी पाऊस. हा हिशोब डोक्यात पक्का ठेव, सगळं ह्याच्यावर चालतं. १० मिमीची सर आली तर वीतभर वाळू भिजली, चार दिवसांत उडाली, विषय संपला. ५० मिमी आला तर मीटरभर भिजली, वरचा फूटभर गेला, खालचं राहिलं. तू हात घातलास ते हे राहिलेलं. मुठीत लाडू वळतो, गार लागते, आणि एका घनमीटरात म्हणशील तर चाळीस लिटर पाणी आहे, पण ते दाण्यांना असं घट्ट चिकटून बसलेलं की तिथं विहीर खणलीस तर एक थेंब पाझरणार नाही.

मग खाली जातं कधी? मुळांच्या टप्प्याच्या खाली उतरलं की. फोग, खेजडी असल्या झाडांची मुळं काही मीटर जातात, म्हणजे वाळू आधी सुकी असेल तर तीन मीटर ओलांडायलाच दीडशे मिमी पाऊस एकापाठोपाठ पडायला हवा. जैसलमेरची वर्षभराची सरासरी दोनशेच्या आत आणि उन्हानं उडवायची ताकद दोन हजार मिमीच्या आसपास. तेव्हा सरासरी वर्षात खाली जवळपास काहीच जात नाही. जातं ते वेड्या वर्षात. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेरला तीन-चार दिवसांत सबंध वर्षाच्या दुप्पट पाऊस कोसळला, कवास गाव पाण्याखाली गेलं आणि खाली जिप्समचा थर असल्यानं ते पाणी कित्येक महिने तिथंच उभं राहिलं. वाळवंटातलं पुनर्भरण असं वीस-पंचवीस वर्षांतल्या दोन-चार वादळांचं असतं, बाकीच्या वर्षांत वाळू आणि झाडं आपापसात वाटून घेतात. वर्षाची सरासरी काढून त्यावर टक्का लावणारे रिपोर्ट मी बरेच वाचलेत, वाळवंटापुरते तरी ते बाजूला ठेवावेत.

आणि बरं का, दवानं धोरे भरतात असं कोणी सांगितलं तर नुसतं हसायचं. चांगल्या रात्रीचं दव धरलं तरी मिलिमीटरचा एक-दोन दशांश, सकाळी नऊपर्यंत गायब. किड्यामुंग्यांना आणि शेवाळाला पुरतं तेवढं.

खाली किती जातं ते मोजायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे मीठ. पावसात थोडं क्लोराइड, म्हणजे मिठातला एक भाग, असतंच. पाणी उडतं, झाडं पितात, पण क्लोराइड मागं राहतं, त्यामुळं खालच्या ओलीतलं मीठ जितकं दाट तितकं पाणी वाटेत जास्त हरवलं. समजा पाऊस १५० मिमी, त्यात क्लोराइड लिटरला ५ मिलिग्रॅम, आणि मुळांखालच्या ओलीत ५०० मिलिग्रॅम, तर १५० गुणिले ५ भागिले ५००, दीड मिलिमीटर. वर्षाला दीड मिमी! चीनमध्ये बादाइन जारान वाळवंटात जगातल्या सगळ्यात उंच धोऱ्यांपैकी काही आहेत, चारशे-पाचशे मीटरपर्यंत, आणि त्यांच्यामधल्या सखलात शंभराच्या वर तळी. तिथं ह्याच रीतीनं वर्षाला मिलिमीटरच्या आसपासच उत्तर आलं. मग तळी कशी, म्हणून लोक भांडतात, कोणी म्हणतं लांबच्या डोंगरांतलं पाणी भूगर्भातून येतं, कोणी म्हणतं जुन्या ओल्या काळातलं शिल्लक. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं पण तो वाद माझ्याच्यानं मिटायचा नाही.

आता वर्षाला १ मिमी खाली जातंय आणि ओल ३ टक्के आहे, तर ते पाणी वाळूतून वर्षाला किती सरकेल? १ भागिले ०.०३, म्हणजे ३३ मिमी, जेमतेम दोन बोटं. दहा मीटर खाली पोचायला तीनशे वर्षं. तिथं दहा मीटरवर ऑगरला (माती काढायच्या गिरमिटाला) जी ओल लागते तो पाऊस चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या सुमाराचा. वरून पडलेलं पाणी तेच खाली येतं असं नाही, नवीन पाऊस जुन्याला वरून ढकलतो आणि रांग पुढं सरकते, रेशनच्या दुकानासारखी. ह्या हिशोबात जैसलमेरच्या खोल ट्यूबवेलमधून जे उपसलं जातं ते आजच्या पावसाशी जवळजवळ काहीच नातं नसलेलं, हजारो वर्षं जुनं पाणी आहे.

तिथल्या जुन्या लोकांना हे सगळं आकडे न मांडता ठाऊक होतं. त्यांच्याकडं पाण्याला तीन नावं, पालर म्हणजे थेट पावसाचं, पाताळ म्हणजे खोल विहिरीचं, आणि ह्या दोन्हींच्या मधलं रेजाणी. जिथं वाळूखाली जिप्समचा किंवा खडियाचा (खडूसारख्या मातीचा) थर लागतो तिथं वरून उतरलेली ओल त्या थरावर अडून साठते, खाली मात्र पाताळातलं पाणी खारं. मग ते अरुंद कुई खणतात, माणूस कसाबसा उतरेल एवढी, आणि त्या थरापाशी थांबतात. दिवसाला दोन-तीन घागरी झिरपतात. तोंड अरुंद कारण वाफ कमी उडावी, वर झाकण. आणि खणणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती कसली, तर थर फुटायची. थर फुटला की गोडं खाऱ्यात गेलं, कुई कायमची बाद.

हे ऐकून तुझ्या बाबांची बांय आठवली असेल तर बरोबर आठवलीय. खाऱ्यावर गोडं बसलेलं, तिथंही आणि आपल्याकडंही. फरक एवढाच की त्यांच्या दोन पाण्यांत दगडी थर आहे आणि आपल्या दोन पाण्यांत काहीच नाही. गोडं हलकं, खारं थोडं जड, हजाराला हजार पंचवीस, बस्स तेवढ्यावर गोडं तरंगतंय. ह्यातूनच तो चाळीस पटीचा नियम येतो, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या सरासरीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली कागदावर चाळीस मीटर गोडं. किनाऱ्यालगत एवढं कुठलं मिळायला, वाळू संपून चिकट काळा चिखल नाहीतर जांभा लागतो, पण नियमाची उलटी बाजू आपल्याला चावते. सप्टेंबरात पातळी अर्धा मीटर वर असेल तर खाली वीस, आणि एप्रिलात ती दहा सेंटिमीटरवर आली तर खाली उरलं फक्त चार मीटर. त्यात बांय दोन मीटर खोल नेली आणि एक एचपीचा पंप लावून तासभर ओढलं, की खारं पाणी बांयच्या तळाखाली सुळक्यासारखं वर येतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ हजार मिलिग्रॅमच्या आसपास, पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची चांगली मर्यादा २५०. म्हणजे शंभर तांब्यांत सव्वा तांब्या दर्याचं पाणी पडलं तरी गेलं काम.

बरं, पण तीन हजार मिमी पाऊस जातो कुठं, हा तुझा खरा प्रश्न. मघाचा हिशोब इथं लाव. आपल्या टेकडीची वाळू तीन मीटर जाड धर, मेअखेर सुकलेली. तिला भिजवायला दीडशे मिमी पुरे, मृग बरा लागला तर आठवड्याभरात झालं. त्यानंतर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब थेट खाली. रोज २० मिमी पडतोय आणि ओल ८ टक्के असेल तर ओलीची रेघ दिवसाला पाव मीटर सरकते, बारा दिवसांत पाणी तळाला. जैसलमेरला तीनशे वर्षांत दहा मीटर, मांद्र्याला बारा दिवसांत तीन मीटर, वाळू साधारण तीच! वाळूचा ह्यात काही पराक्रम नाही, ती नुसता रस्ता आहे. वर्दळ किती आणि वाटेत टोल कोण घेतं ह्यावर सगळं.

म्हणून आषाढाच्या सुरुवातीलाच आपल्या बांयी चढतात आणि गणेशचवथीला काठोकाठ असतात, टेकड्यांमधल्या सखलात बेडूक ओरडतात इतकं पाणी साचतं. पण भांडं भरलं की वरचं सांडतं, जुलैचा अर्धा आणि ऑगस्टचा बराच पाऊस असाच ओहोळातून नाहीतर वाळूतून आडवा समुद्रात जातो. सरकारी भूजल अंदाजाची १९९७ ची नियमावली आहे त्यात पूर्व किनाऱ्याच्या गाळाला पावसाच्या १६ टक्के मुरतं असं धरलंय आणि पश्चिम किनाऱ्याला १० टक्के, जांभ्याला ७. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली, पाऊस आपल्याकडं जास्त आणि टक्के कमी कसे. कमी कारण जागा नाही. तीन हजाराचे दहा टक्के तरी तीनशे मिमी होतात, ते तिकडच्या अकराशे-बाराशेच्या सोळा टक्क्यांहून जास्तच आहेत की.

आता भांडं भरलेलं असून एप्रिलात रिकामं का, तर ते गळकं आहे. किती वेगानं गळतं ते बघ. असल्या वाळूतून पाणी जाऊ द्यायची क्षमता दिवसाला दहाएक मीटर धर, उतार शंभर मीटरला एक मीटर, आणि निथळण्याजोगी पोकळी २५ टक्के. दहा गुणिले ०.०१ भागिले ०.२५, म्हणजे पाणी दिवसाला ४० सेंटिमीटर चालतं. शंभर मीटर जायला अडीचशे दिवस. ऑगस्टच्या मध्याला किनाऱ्यापासून शंभर मीटरवर मुरलेलं पाणी अडीचशे दिवसांनी कधी पोचतं मोज. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. शिगम्यापर्यंत गोडं आणि नंतर मचूळ हे जे घराघरात बोलतात त्यात हाच हिशोब लपलाय. उतार कमी होत जातो तसा वेगही उतरतो, म्हणून आकडा अंदाजाचाच, पण जात कळली ना. वाळूचा पट्टा तीनशे मीटर रुंद असेल तर हेच पाणी दोन वर्षं घेतं, म्हणजे पुढचा पाऊस आधीच्या पावसाला मागून गाठतो आणि बांय वर्षभर गोडी. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत बाणावली-कोलव्याकडं किनाऱ्यापासून बरीच आत, वाळूतच असलेल्या जुन्या बांयी टिकून आहेत त्यात मोठा वाटा ह्या रुंदीचा.

इथं टेकडी सपाट करायचा मुद्दा येतो. लोक म्हणतात टेकडी म्हणजे पाण्याची टाकी. नाही रे. टेकडीच्या उंच भागात वर मघाची सहा-आठ टक्के ओल सोडून काही नसतं, टाकी तिच्या पायाखाली आहे. पण टेकडी असते तिथं वर ना घर ना पेव्हर ना पंप, पाऊस पडला की सगळा आत, आणि मध्ये पाण्याची पातळी थोडी फुगून राहते, तो फुगवटा समुद्राला पलीकडं दाबून धरतो. ती कापून सपाट केली, वर छपरं आणि पेव्हर टाकले, पावसाचं पाणी पायपानं गटारात दिलं की फुगवटा बसला. मग खारं आत यायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. माणसाला मात्र लागते, २०११ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना हात लावायची मनाई आहे आणि भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसायलाही, स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराची सूट सोडून. गोव्याचा वेगळा भूजल कायदाही २००२ पासून आहे. कायद्यावर मी जास्त बोलत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

झाडांचं मात्र बोललं पाहिजे, कारण टोल तीच घेतात. हॉलंडात कास्त्रिकम गावी किनाऱ्याच्या टेकड्यांत १९४१ च्या सुमाराला चार प्रचंड लायसीमीटर बांधले, २५ मीटर लांब तेवढेच रुंद आणि अडीच मीटर खोल अशा वाळूनं भरलेल्या टाक्या. एक उघडी वाळू, एकात तिथलीच खुरटी झुडपं, एकात ओक, एकात पाइन, आणि खालून निथळणारं पाणी दशकानुदशकं मोजलं. उघड्या वाळूतून सगळ्यात जास्त निथळलं आणि मोठा झाल्यावर पाइननं सगळ्यात कमी सोडलं, कारण तो बारमाही हिरवा, पानांवरच बराच पाऊस अडवतो आणि हिवाळ्यातही पीत राहतो. ॲमस्टरडॅम १८५३ पासून टेकड्यांतलं पाणी पितंय, त्यांना हे मोजणं भागच होतं. चीनमध्ये शापोतौला १९५६ पासून रेल्वेमार्गावर वाळू येऊ नये म्हणून झुडपं लावली, वाळू थांबली, पण खोल थरातली ओल वर्षावर्षानं उतरत गेली आणि वर शेवाळाचा पापुद्रा धरला तो पाऊस वरच्या वरच अडवायला लागला, शेवटी लावलेली मोठी झुडपंच विरळ झाली. जोधपूरच्या काजरी ह्या वाळवंटी भागाच्या संशोधन संस्थेनंही धोरे बांधायला झाडं लावली, गावं वाचली हे खरं, पण झाडाखालच्या वाळूत ऑगर घातला की लाडू वळत नाही हे मी हातानं बघितलंय.

आपल्याकडं सुरूची बनं किनाऱ्याकिनाऱ्यानं लावलेली आहेत. सुरू पाइन नव्हे, पण सवयी त्याच, बारमाही हिरवा, मुळं थेट पाण्यापर्यंत, आणि खाली पडलेल्या काड्यांचा जाड थर वाळूला मेणचट करून सोडतो, पहिल्या सरी त्यावरून मोत्यांसारख्या घरंगळतात. पावसाळ्यात त्याच्या पिण्यानं काही बिघडत नाही, भांडं भरलेलंच असतं. बिघडतं ते जानेवारी ते मे, तेव्हा तो बांयच्याच पाण्यावर जगतो. वाळूवर पसरणारी मर्यादवेल मात्र बिनधास्त वाढू द्या, ती वाळू धरते आणि तिची तहान त्या मानानं किरकोळ. असलेले सुरू तोडा असं मी म्हणत नाही, वारा अडतो त्यानं. बांयच्या वीस-तीस मीटरमध्ये नवीन लावू नका एवढंच.

एक माझी फजिती सांगतो. राजस्थानातून परत आलो तेव्हा मिठाच्या रीतीवर माझा फार जीव जडला होता. इथं किनाऱ्यालगतच्या एका बांयचं पाणी घेतलं, पावसाच्या क्लोराइडचा आतल्या भागातला आकडा लावला, आणि उत्तर आलं की फक्त सहा-सात टक्के मुरतं. ऐटीत रिपोर्ट लिहिला. दिला एका जुन्या सहकाऱ्याला वाचायला, तो म्हणाला अरे, ह्या बांयत पावसाळ्यात पाणी अडीच मीटर चढतं, पोकळी वीस टक्के धर, पाचशे मिमी तर इथंच दिसतायत, आणि सांडून गेलेलं वेगळंच. कुठं चुकलं? समुद्राचा खारा वारा. लाटांचे तुषार वाऱ्यावर येऊन वाळूवर, झावळांवर बसतात ते मीठ मी धरलंच नव्हतं, आणि ते किनाऱ्यापासून पन्नास मीटरवर एक, तीनशे मीटरवर भलतंच. जैसलमेरला चालणारी रीत दर्यापाशी अशी तोंडावर आपटते. रिपोर्ट फाडला, तेव्हापासून किनाऱ्यावर मी आधी टेप टाकून पाण्याची पातळी बघतो, मीठ नंतर.

आता करायचं काय. फूटव्हॉल्व (पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) वर घ्या, तळापासून जमेल तितका वर. पंप अर्धा एचपीचा पुरे, आणि टाकी एका दमात भरायची नाही, सकाळी वीस मिनिटं संध्याकाळी वीस मिनिटं, मध्ये बांयला श्वास घेऊ द्या. पाणी कमीच पडत असेल तर हीच खोल करण्यापेक्षा भाटाच्या पूर्वेच्या टोकाला दुसरी उथळ बांय काढा, पाण्याखाली मीटरभर गेली की थांबायचं, कुईवाल्यासारखं. सोकपिट, म्हणजे संडासाचं पाणी मुरायचा खड्डा, कुठं आहे तेही बघ, वाळूत ते पाणीसुद्धा दिवसाला त्याच चाळीस सेंटिमीटरनं चालतं, आणि पर्यटकांच्या सीझनमध्ये शेजारच्या खोल्यांचं सोकपिट तुमच्या बांयच्या वरच्या अंगाला असेल तर खारेपणापेक्षा ती काळजी मोठी.

छपराचं पाणी बांयत सोडायचा सल्ला तुला सगळे देतील, योजनासुद्धा निघतात. वाळूच्या किनारपट्टीवर मला तो पटत नाही. जुलैत काठोकाठ भरलेल्या बांयत अजून ओतून काय मिळणार, ते आठ दिवसांत ओहोळातून दर्यात. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पडतं, त्यातलं पाच हजार लिटर झाकणाच्या टाकीत धरा. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज चाळीस लिटर धरलं तर मार्च ते मे नव्वद दिवसांना छत्तीसशे लागतं, काम झालं, बांय धुण्या-भांड्याला आणि झाडांना. भांडं गळकं असेल तर गळती हळू करायची, म्हणून भाटामागचा ओहोळ सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरता ओसरता फळ्या आणि माती घालून बांधा, हात-दीड हात पाणी जरी चढून राहिलं तरी बांयला दोन-तीन आठवडे जास्त मिळतात. परतीच्या पावसाची एक सर तेव्हा जुलैच्या दहा सरींच्या तोडीची.

आणि तू चवथीला येशीलच, तेव्हा एवढं कर. बांयच्या काठावर एक खूण मार, तिथून पाण्यापर्यंत टेप टाकून लिही, मग बाबांना सांग दर अमावस्या-पौर्णिमेला तेच करायला, पंप चालवायच्या आधी. पाण्याचा खारेपणा दाखवणारा ईसी मीटर हजार-दीड हजाराला मिळतो, वरचं पाणी आणि दोरीला बाटली बांधून तळाचं पाणी, दोन्ही मोजायचं. तळाचा आकडा वरच्यापेक्षा आधी वाढायला लागतो, साधारण कधी ते कळलं की पंपाचं वेळापत्रक आपोआप बसतं. टेकडीत ओल बघायची हौस असेल तर पीव्हीसी पाइप ठोकत ठोकत हातऑगर चालव, फूटफुटाची वाळू पिशवीत घे, किचनच्या काट्यावर वजन कर, तव्यावर परतून परत वजन कर, झाली तुझी लॅब. फक्त ऑगरच्या जागी फावड्यानं खड्डा करू नकोस, कमरेच्या वर गेलेला वाळूचा खड्डा कधी बसेल सांगता येत नाही. ओलीमुळं भिंती उभ्या दिसतात, ऊन लागलं की सगळं एकदम खाली येतं. बाडमेरला माझा एक माणूस छातीपर्यंत गाडला गेला होता, चौघांनी हातानं उकरून काढला, अर्धा तास लागला.